लव्हाळ्याची वात

गुरुवार, ३० जानेवारी २०२५

आयर्लंडचा सण म्हटलं की लोकांना १७ मार्च आठवतो. सेंट पॅट्रिकचा दिवस, हिरवे कपडे, डब्लिनमधली मिरवणूक. मी ती दोनदा पाहिली आहे, छान असते. पण सहा वर्षांत माझा जीव जडला तो दुसऱ्याच सणावर. तो फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला येतो आणि त्यात रस्त्यावर उभं राहून बघण्यासारखं फारसं काही नसतं. आदल्या रात्री घराबाहेर एक कापड ठेवायचं, ओल्या गवताचा क्रॉस विणायचा, तो दारावर लावायचा. सगळा सण उंबरठ्यापाशी. हा सेंट ब्रिजिड या आयरिश संतिणीचा दिवस. आयरिशमध्ये ‘लॉ एला ब्रीजे’.

याची सुट्टी मात्र अगदी नवी आहे. २०२३ पासून फेब्रुवारीचा पहिला सोमवार ब्रिजिडच्या नावानं सुट्टीचा असतो (१ तारीख शुक्रवारी आली तर त्याच दिवशी). बाईच्या नावाची ही इथली पहिली सार्वजनिक सुट्टी. सरकारनं ती जाहीर केली जानेवारी २०२२ मध्ये. त्याच घोषणेत १८ मार्च २०२२ ही एका वर्षापुरती सुट्टी होती: कोविडमध्ये गेलेल्यांच्या आठवणीसाठी आणि त्या काळात राबलेल्यांचे आभार मानायला. मी नर्स आहे. त्या दोन वर्षांत मी इथल्या वॉर्डात होते आणि मे २०२१ मध्ये सांगोल्याला माझे बाबा गेले. मला जाता आलं नाही. म्हणून ब्रिजिडची सुट्टी आली की मला ती घोषणा आठवते. आजवर ही सुट्टी मी झोपून काढली. यंदा आई आली आहे, तीन महिन्यांसाठी. यंदा सण करायचा असं ठरवलं आणि रोस्टरमध्ये शुक्रवार ते रविवार मोकळे मागून घेतले. सोमवारची नाइट ड्यूटी मात्र टळली नाही.

रात्री कॅलेंडर घेऊन बसले तेव्हा आईनंच दाखवलं, “अगं, शनिवारी माघी गणेश जयंती आहे. आणि रविवारी वसंत पंचमी.” दोन्ही सण त्याच दोन दिवसांत. इथल्या जुन्या पंचांगाप्रमाणे १ फेब्रुवारीला वसंत सुरू होतो. बाहेर चार अंश तापमान असताना वसंत म्हणायला माझं मन आधी धजत नसे. आता कळतं, हा वसंत फुलण्याचा नाही, पोटात धरण्याचा आहे. या दिवसाचं ख्रिस्तीपूर्व नाव ‘इम्बोल्क’, आणि त्याचा एक अर्थ ‘पोटात’ असा लावतात: मेंढ्या गाभण असतात, विण्याचे दिवस जवळ आलेले असतात.

शुक्रवार, ३१ जानेवारी

सकाळी अकराला शेजारच्या आजी काखेत ओलं वर्तमानपत्र धरून आल्या. वय ऐंशीच्या पुढे, मूळच्या वायव्येकडच्या लीट्रिम जिल्ह्यातल्या. वर्तमानपत्रात हिरव्यागार काड्यांची जुडी होती, हातभर लांब, गोल, टोकाला निमुळत्या. आईनं एक काडी बोटांत फिरवली आणि म्हणाली, “लव्हाळंच की गं हे! भीमेच्या काठाला असं रान माजतं.” अगदी तीच जात नाही, पण स्वभाव तोच. पाण्यात पाय, वाऱ्यात डोकं. लीट्रिमची जमीन इतकी पाणथळ की शेतात पिकापेक्षा हेच जास्त, असं आजी म्हणतात. ब्रिजिडच्या क्रॉसासाठी काडी कापायची नसते, मुळापाशी धरून उपटायची असते. कापलेली चालत नाही.

या काड्या त्यांच्या भावाच्या रानातल्या. पुतणी काल घेऊन आली आणि सोबत बातमीही: भावाच्या घरी अजून वीज नाही. मागच्या शुक्रवारी, २४ तारखेला, एओविन वादळ आलं. सगळ्या देशभर लाल इशारा होता, शाळा बंद, बस बंद, आम्ही चौघं घरात खिडक्यांपासून लांब बसून होतो. गॉलवेच्या किनाऱ्यावर मेस हेडला वाऱ्याच्या झोताचा वेग ताशी १८३ किलोमीटर नोंदला गेला, या देशातला आजवरचा सर्वांत जास्त. ७ लाख ६८ हजार घरं, शेतं, दुकानं अंधारात गेली. डब्लिनला आमचे दिवे फक्त लुकलुकले. पण आठवडा उलटला तरी पश्चिमेकडे हजारो घरांत अंधार होता, आणि त्यांतलं एक आजींच्या भावाचं. म्हातारा माणूस गॅसच्या छोट्या शेगडीवर चहा करतो आणि संध्याकाळी पाचला मेणबत्ती लावून बसतो. ती जुडी वादळात झोपलेल्या रानातून आलेली. झाडं पडली, लव्हाळं उभं राहिलं. आपल्याकडे हे सांगावं लागत नाही.

स्वयंपाकघराच्या टेबलावर आम्ही विणायला बसलो. एक काडी उभी धरायची. दुसरी तिच्या मधोमध दुमडून आडवी घालायची आणि मध्यावर चिमटीत घट्ट दाबायची. मग सगळं पाव वळसा फिरवायचं, तिसरी काडी दुसरीवरून दुमडायची, पुन्हा पाव वळसा. प्रत्येक नवी काडी आधीचीला जखडत जाते आणि मधे हळूहळू विणलेला चौकोन तयार होतो, जणू छोटी पाटी. चारही बाजूंना हात फुटतात, त्यांची टोकं दोऱ्यानं बांधायची. सगळी गोम मधल्या चिमटीत आहे. ती सैल पडली की सगळं उसवतं. माझा पहिला क्रॉस तसाच उसवला. नऊ वर्षांच्या लेकाला शाळेत शिकवलं होतं, त्याचा पहिल्याच फटक्यात जमला. आईनं दोनदा पाहिलं आणि तिसऱ्यांदा न बघता विणला. केरसुणी बांधणारे हात ते.

हाच क्रॉस आरटीई या सरकारी दूरचित्रवाणीचं चिन्ह होता, १९९५ पर्यंत. आजींच्या पिढीला तो देवघरात दिसायचा आणि टीव्हीवरही. गोष्ट अशी सांगतात की एक जुन्या धर्माचा सरदार मरणपंथाला लागला होता. ब्रिजिड त्याच्या उशाशी बसली आणि बोलता बोलता जमिनीवर अंथरलेल्या काड्या उचलून तिनं क्रॉस विणला. मला या गोष्टीतलं बसणं आवडतं. मरणाऱ्या माणसाजवळ बसताना हाताला काहीतरी काम हवं असतं. हे मी वॉर्डात शिकले आहे. हात मोकळे असले की माणूस उठून जातो.

क्रॉस झाले आणि काड्या उरल्या. तेव्हा आजींनी एक काडी घेतली, नखानं टोकाची हिरवी साल सुटी केली आणि सोलत गेल्या. साल दोऱ्यासारखी निघाली आणि आत राहिला पांढरा, हलका, कापसासारखा गाभा, हातभर लांब. सालीची एक बारीक पट्टी त्यांनी मुद्दाम ठेवली, गाभा मोडू नये म्हणून. “माझी आजी हे चरबीत बुडवायची,” त्या म्हणाल्या. “हाच आमचा दिवा.” गरिबाघरी मेणबत्ती परवडत नसे तेव्हा लव्हाळ्याचा गाभा वितळलेल्या चरबीत भिजवून, वाळवून, लोखंडी चिमट्यात धरून पेटवत. मी आईला सांगितलं. आई काही बोलली नाही. तिनं तो गाभा दोन बोटांत अलगद मळला, जसा ती वातीचा कापूस मळते, आणि म्हणाली, “वात आहे ही. न वळलेली.” मग तिनं चार काड्या सोलल्या. दोन मोडल्या, दोन अखंड निघाल्या. त्या तिनं ताटलीत घालून रेडिएटरवर वाळत ठेवल्या.

संध्याकाळी साडेपाचला आजींनी लेकाला काड्यांची शेवटची मूठ देऊन दाराबाहेर पाठवलं. लीट्रिमला त्यांच्या लहानपणी हे काम वडील करायचे. बाहेरच्यानं दार तीनदा ठोठावायचं आणि म्हणायचं, गुडघे टेका, डोळे उघडा, ब्रिजिडला आत घ्या. आतल्यांनी उत्तर द्यायचं: तिचं स्वागत आहे, स्वागत आहे. आजींनी आयरिशमध्ये म्हटलं, आम्ही मराठीत. लेक थंडीनं लाल झालेलं नाक घेऊन आत आला आणि आईनं, कुणी न सांगता, त्याच्या हातातल्या गवतावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. आजींनी मला विचारलं, हे काय? मी म्हटलं, दारातून कुणी आत आलं की आम्ही असं करतो. त्यांनी मान हलवली, जणू ते त्यांनाही माहीत होतं.

जेवायला बटाटे. उकडून, घोटून, मधे खड्डा करून त्यात लोण्याचा गोळा. आजींनी तो कडेकडेनं खायला शिकवलं, लोण्याचं तळं शेवटपर्यंत फुटता कामा नये. दुधातुपाचा सण हा. ब्रिजिड गाईगुरांची राखणदार, दूध आटलं की लोक तिलाच साकडं घालत.

आणि मग कापड. ‘ब्रात ब्रीजे’, ब्रिजिडचं वस्त्र. या रात्री ती सगळ्या देशावरून चालत जाते आणि बाहेर ठेवलेल्या कापडाला तिचा हात लागतो, अशी समजूत. ते कापड मग वर्षभर घरात राहतं. डोकं दुखलं, घसा धरला, बाई अडली, गाय अडली, की तेच कापड. मी ओढणी काढली होती. आई तिच्या खोलीत गेली आणि बाबांचं उपरणं घेऊन आली. पांढरं सुती, काठ विटलेला. बाबा एकादशीला पंढरपूरला जायचे तेव्हा खांद्यावर असायचं ते. मला माहीतच नव्हतं की ती ते इथवर घेऊन आली आहे.

“राहू दे गं बाहेर एक रात्र,” ती म्हणाली. “त्यांना चालायची सवय होती.”

कापड रात्रीत लांबलं तर वर्ष चांगलं जातं, असं आजी म्हणाल्या. म्हणून लेकानं शाळेची पट्टी आणून ते मोजलं, दोन वेळा, आणि आकडा वहीत लिहिला. मग आम्ही ते कुंपणाच्या झुडपावर पसरलं.

शनिवार, १ फेब्रुवारी

आठच्या पुढे उजाडलं. उपरणं दवानं जड झालं होतं आणि फांदीवरून लोंबत होतं. लेकानं पुन्हा पट्टी लावली. एक सेंटिमीटर जास्त भरलं. आईनं ते पिळलं नाही, तसंच दोरीवर घातलं.

गणेश जयंतीची पूजा आधी. तिळाचे लाडू आईनं गुरुवारीच वळले होते. निरांजनात नेहमीची फुलवात न घालता तिनं रेडिएटरवर वाळलेल्या गाभ्याचा बोटभर तुकडा तोडला, तुपात पुरता बुडवला आणि टोक वर काढून ठेवला. मला वाटलं, जळून जाईल नुसता. पहिल्या काडीला तडतडला, दुसऱ्या काडीला धरला. ज्योत आपल्या वातीपेक्षा जरा बारीक, उंच आणि अगदी स्थिर. काजळी जवळजवळ नाही. आरती संपेपर्यंत आणि नंतरही बराच वेळ ती जळत होती. लीट्रिमच्या ओल्या रानातलं लव्हाळं, ज्याच्या मालकाच्या घरी आज वीज नव्हती. मी फोटो काढून आजींना पाठवला आणि त्यांनी तो पुतणीमार्फत भावाला.

साडेदहाला ह्यूस्टन स्टेशनवरून किल्डेअरची गाडी. ‘किल दारा’ म्हणजे ओकवृक्षाचं चर्च. ब्रिजिडनं आपला मठ तिथे ओकाखाली वसवला अशी परंपरा आहे. पाचव्या-सहाव्या शतकातली बाई ही, २०२४ मध्ये तिच्या मृत्यूला दीड हजार वर्षं झाल्याचं किल्डेअरनं मोठ्या प्रमाणात साजरं केलं. न्यूब्रिज सोडलं की रुळांच्या बाजूला ‘करा’ नावाचं माळरान लागतं, सपाट, झाड नसलेलं, मेंढ्या चरताना दिसतात, घोडे पळताना दिसतात. लेकानं माझ्या आईला गोष्ट सांगितली: ब्रिजिडनं राजाकडे मठासाठी जमीन मागितली, राजा देईना. मग तिनं म्हटलं, माझ्या अंगावरच्या झग्याखाली मावेल तेवढी तरी दे. राजा हो म्हणाला, आणि झगा पसरत गेला तो सगळं माळरान झाकूनच थांबला. आई खिडकीतून बघत म्हणाली, “वामनानं तीन पावलांत घेतलं, हिनं पदरात घेतलं.” मला ते शब्द फार आवडले. वामनानं घेतलं ते बळीकडून, दात्याकडून. ब्रिजिडनं घेतलं ते न देणाऱ्याकडून. या दोन गोष्टी एक नाहीत आणि त्या एक करायची गरजही नाही.

किल्डेअरच्या बाजारचौकात एका खांबावर ओकाच्या धातूच्या पानांमधे बसवलेल्या वाटीत ज्योत जळते. १ फेब्रुवारी २००६ ला तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीस यांनी ती पेटवली. गर्दी होती, पण मोकळी. म्हाताऱ्या बायका, बाबागाड्या, गळ्यात गवताचे छोटे क्रॉस घातलेल्या मुली. कुणी आपला क्रॉस विणून दुसऱ्याला देऊन टाकत होतं. लेकाला एका अनोळखी बाईनं दिला, तीन हातांचा. जनावरांच्या गोठ्यात तसला लावतात म्हणाली.

कॅथेड्रलच्या आवारात शिरलो. बाराव्या शतकातला गोल मनोरा, तेहेतीस मीटरच्या आसपास उंच, मान मोडेपर्यंत वर बघावं लागतं. वर चढता येतं, पण उन्हाळ्यातच. मी आईला मनोऱ्याकडे नेत होते, पण ती भलतीकडेच थांबली. चर्चच्या बाजूला एक नुसतं चौकोनी जोतं आहे, कमरेच्याही खाली दगडी भिंती, आत हिरवळ. ही ब्रिजिडच्या अग्नीची जागा. बाराव्या शतकाच्या शेवटी गेराल्ड नावाचा वेल्सचा पाद्री इथे येऊन गेला आणि त्यानं लिहून ठेवलं: हा अग्नी कधी विझत नाही आणि इतकी वर्षं जळूनही राख वाढत नाही. एकोणीस जोगिणी पाळीपाळीनं एकेक रात्र तो राखतात. विसाव्या रात्री शेवटची जोगीण सरपण रचून ठेवते आणि म्हणते, ब्रिजिड, तुझा अग्नी तू सांभाळ, आजची रात्र तुझी. सकाळी सरपण संपलेलं असतं आणि अग्नी जागा असतो. कुंपणाच्या आत पुरुषांना मज्जाव. आणि अग्नीला तोंडानं फुंकर घालायची नाही, भात्यानं वारा घालायचा.

“बरोबरच आहे,” आई म्हणाली. “उष्टी फुंकर कशी घालायची?” लहानपणी चुलीपाशी मी या एका गोष्टीसाठी तिचा मार खाल्ला आहे.

विसाव्या रात्रीचं मी नंतर गाडीतही बोलत राहिले. एकोणीस जणींची रोस्टर आणि विसावी रात्र जिच्या नावानं हे सगळं चाललंय तिची. नाइट ड्यूटी करणाऱ्या बाईला यातला दिलासा कळतो. पहाटे चार वाजता वाटतं की आपण डोळा मिटला तर सगळं विझेल. त्या बायकांनी वीस दिवसांतून एक रात्र तरी विश्वासानं सोडून दिली होती.

सोळाव्या शतकात मठ मोडले गेले तेव्हा तो अग्नी विझला. १९९३ मध्ये ब्रिजिडच्या नावाच्या संघातल्या सिस्टर्सनी बाजारचौकात तो पुन्हा पेटवला आणि तेव्हापासून सांभाळला. तो आता गावाबाहेर टलीच्या रस्त्यावर ‘सोलस व्रीजे’ या केंद्रात आहे. ‘सोलस’ म्हणजे उजेड. इमारतच क्रॉसच्या आकारात बांधली आहे. आत काचेच्या आड ज्योत. आई हात जोडून उभी राहिली, मग खाली वाकून आपल्या पिशवीतून तिळाचा लाडू काढला आणि तिथल्या बाईंच्या हातावर ठेवला. त्या बाईंनी दोन्ही हातांनी घेतला. काही विचारलं नाही.

विहीर तिथून चालण्याच्या अंतरावर. विहीर म्हणजे आपल्यासारखी खोल नाही, गवतातून निघणारा झरा. दगडी कमानीखालून पाणी दोन पोकळ दगडांतून येतं, त्यांना ब्रिजिडच्या सपाता म्हणतात. तिथून विहिरीपर्यंत एका ओळीत पाच बुटके दगड रोवलेले, प्रत्येकापाशी थांबून प्रार्थना करायची. हातात ज्योत घेतलेली ब्रिजिडची काशाची मूर्ती. आणि कडेला नवसाचं झाड, फांदीफांदीला चिंध्या. याचा नियम असा की कापड पाण्यात भिजवून दुखऱ्या जागी लावायचं आणि झाडाला बांधायचं. कापड कुजत जाईल तसं दुखणं जातं. मी जवळून पाहिलं तर निम्म्याहून जास्त फिती नायलॉनच्या, मास्कसुद्धा एक. त्या कधी कुजणार? झाडाच्या सालीत रुतून बसल्या आहेत. मला खरंच वाईट वाटलं. माणसाचं दुखणं झाडाच्या गळ्यात अडकवून जायचं, हा तो नियम नव्हे.

आईच्या पिशवीत उपरणं होतं, अजून दमट. पांढरं सुती, दोन पावसाळ्यांत विरून जाणारं. मी म्हटलं, बांधायचीय का एक पट्टी? तिनं काठ चिमटीत धरला, थोडा वेळ तशीच उभी राहिली, मग घडी घालून परत ठेवलं. “आत्ता नको.”

रविवार, २ फेब्रुवारी

वसंत पंचमी. पंढरपुरात आज विठ्ठलाचं लग्न. आईनं पिवळी साडी नेसली, त्यावर दोन स्वेटर, आणि लेकाची वही सरस्वतीसमोर ठेवून दोन फुलं वाहिली. ब्रिजिडकडे कविता, वैद्यकी आणि लोहारकाम अशी तीन खाती आहेत, म्हणजे संतिणीच्याही आधी त्याच नावाची जी देवता होती तिच्याकडे. वही बघून मी आईला हे सांगितलं. ती म्हणाली, “मग तिलाही एक फूल वाहा.”

गाडी काढून उत्तरेला निघालो, डंडॉकच्या पुढे फॉखर्टला, जिथे ब्रिजिड जन्मली असं परंपरा सांगते. डब्लिनहून दीड तास. रस्त्यात सांगण्यासारखं काही नाही. टेकडीवर जुनी दफनभूमी, पडकं चर्च, ब्रिजिडची छोटी विहीर. तिथेच एडवर्ड ब्रूसचं थडगं दाखवतात. स्कॉटलंडच्या रॉबर्ट ब्रूसचा भाऊ, आयर्लंडचा राजा व्हायला आला आणि १३१८ मध्ये इथल्याच लढाईत पडला. वरून एका नजरेत सगळं दिसतं: खाली डंडॉकचा उपसागर, पूर्वेकडे कूलीचे डोंगर, पलीकडे सरहद्दीपारचा स्लीव्ह गलियन. आणि उतारावर, जिथे तिथे, गोर्सची काटेरी झुडपं पिवळीधमक फुललेली. फेब्रुवारीच्या करड्या उजेडात तो पिवळा रंग डोळ्यांत भरतो. आई म्हणाली, “बघ, इथेही नेसलेत.”

पण आम्ही आलो होतो खालच्या ठिकाणासाठी. झाडीतून एक ओढा वाहतो, त्याच्या काठानं दगड आहेत आणि प्रत्येक दगड शरीराच्या एकेका भागाचा. डोक्याचा, डोळ्याचा, कमरेचा, गुडघ्याचा. जे दुखतं ते त्या दगडाला लावायचं. गुडघ्याच्या दगडाला दोन खळगे आहेत, शेकडो वर्षांच्या गुडघ्यांनी गुळगुळीत झालेले, आणि त्या दिवशी त्यांत पाणी साचलेलं होतं.

आईचे गुडघे दहा वर्षांपासून दुखतात. ती जमिनीवर बसत नाही, पूजाही खुर्चीत बसून करते. मी नर्स म्हणून तिला हजार वेळा बजावलं आहे की खाली टेकू नकोस. त्या ओढ्याकाठी मी तोंड उघडायच्या आत तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, दुसऱ्या हातानं साडी सावरली आणि उतरली. उजवा गुडघा एका खळग्यात, मग डावा दुसऱ्यात. दगड बर्फासारखा गार असणार. तिचा चेहरा आक्रसला, मग सैल झाला. खळगे तिच्या गुडघ्यांच्या मापाचेच होते. किंवा सगळ्याच बायकांच्या. मागे एक आयरिश बाई वाट बघत होती, साठीची, हातात काठी. ती हलकेच म्हणाली, सावकाश, मला घाई नाही. आई उठताना आम्ही दोघींनी तिला दोन बाजूंनी धरलं, आणि मग मी त्या बाईंना खाली बसायला हात दिला. साडीवर दोन ओले गोल उमटले होते. आई ते झटकत नव्हती.

गुडघे बरे झाले का? परतताना गाडीत दुखत होते, तिनं नेहमीचा मलम लावला. पण ती त्याबद्दल बोललीच नाही. ती बोलत होती त्या काठीवाल्या बाईबद्दल, तिला मुलं किती असतील, एकटीच का आली असेल.

सोमवार, ३ फेब्रुवारी

सुट्टीचा दिवस. दुपारपर्यंत झोपायला हवं होतं, रात्री ड्यूटी, पण झोप आली नाही. दारावर खिळा ठोकून आईचा क्रॉस लावला. काड्या आता पिवळसर पडायला लागल्या आहेत आणि मधली वीण अधिकच घट्ट बसली आहे. जुना काढायचा नसतो, पुढच्या वर्षी त्याच्या शेजारी नवा. आजींच्या भावाच्या गोठ्यात आढ्याला कित्येक वर्षांचे क्रॉस आहेत, धुरानं काळे. तीन हातांचा गोठ्यातला क्रॉस लेकानं सायकलला बांधला.

तीनच्या सुमारास आजी आल्या. काल रात्री लीट्रिमला वीज आली. भावानं फोन केला तो दिवा लागल्याचं सांगायला नाही, निरांजनाचा फोटो छापून पाठव असं सांगायला. आईनं आजींच्या ओंजळीत सोललेला दुसरा गाभा ठेवला, तुपात भिजवून वाळवलेला, कागदात गुंडाळून. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. आई त्यांना अक्का म्हणते, आणि त्या तिला ओ देतात.

पाच वाजता मी खिडकीपाशी चहा घेत होते. डिसेंबरात आई आली तेव्हा सव्वाचारला अंधार पडायचा आणि ती घाबरून विचारायची, दिवस गेला कुठे? आज पाचला बाहेर उजेड होता. ब्रिजिडचं एक वचन इथे सांगतात, माझ्या दिवसापासून पुढे दर दुसरा दिवस चांगला जाईल. सगळे नाही, दर दुसरा. आई म्हणाली, आपल्याकडे तिळातिळानं वाढतो.

साडेसहाला मी गणवेश घातला. आईनं उपरणं टेबलावर पसरलं, वाळून कडक झालेलं, झुडपाचं एक वाळकं पान त्याला चिकटलेलं. मधोमध घडी घातली, काठाला कात्रीनं बोटभर चीर दिली आणि दोन्ही हातांनी ओढलं. जुनं सुती कापड सरळ फाटत गेलं, एका दोऱ्यावरून. एक अर्ध तिनं आपल्या बॅगेत, पासपोर्टच्या कप्प्यात ठेवलं. दुसरं माझ्या डब्याच्या पिशवीत.

“वॉर्डात कुणाला लागलं तर दे,” ती म्हणाली. “नाही लागलं तर तुझ्याजवळ राहू दे.”

मी दार ओढून घेतलं तेव्हा आत ती लेकाला परवचा म्हणायला बसवत होती.